फुंका, काकू, फुंका

“घेताना तुम्हाला फारसा त्रास नाहीये. अडतंय ते सोडताना,” असं छातीचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा क्षणभर मला वाटलं, हे माझ्या स्वभावाबद्दल बोलतायत.

पावसाळा संपता संपता खोकला आला आणि ठाण मांडून बसला. दिवसभर बरी असायचे. पहाटे तीन-चारच्या सुमारास मात्र तो मला उठवायचा. उशीला टेकून बसलं की छातीतून बारीक शीळ ऐकू यायची. आलं-मध झालं, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, वाफारे झाले. करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून काढून बोटाला लावलं, तर आकडा ९७. मला श्वास पुरत नाही आणि यंत्र म्हणतंय, सगळं उत्तम. “मग मनाचं असेल,” असं म्हणून हे कूस बदलून झोपी गेले.

डॉक्टरांनी पाठीवर नळी लावून ऐकलं आणि कागदावर लिहिलं, पीएफटी. मला वाटलं एक्स-रेसारखं काहीतरी असेल, उभं राहायचं आणि निघायचं. खोलीत गेले, तर तिथल्या मुलीने आधी माझी उंची मोजली. मग वय विचारलं, नाकाला चिमटा लावला आणि पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायला दिली. “काकू, ओठ घट्ट मिटा. साधा श्वास घ्या. आता पूर्ण आत, पूर्ण, पूर्ण... आणि फुंका! जोरात! फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका, अजून!”

एवढ्या तावातावाने मला आजवर कुणी प्रोत्साहन दिलेलं नाही. दोन सेकंदांत मी रिकामी झाले होते, निदान मला तसं वाटत होतं. पण ही बाई थांबेचना. सहा सेकंद तरी फुंकायचं असतं म्हणे. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि ती शांतपणे म्हणाली, “छान. आता परत.” एकमेकांशी जुळणारे तीन तरी प्रयत्न लागतात. माणूस हातचं राखून फुंकत नाहीये ना, हे यंत्राला असंच कळतं.

पडद्यावर एक रेघ उमटली होती. निरोगी माणसाची रेघ झपकन वर चढते आणि सरळ तिरकी खाली येते. माझी वर गेली आणि उतरताना मध्येच खोल पोखरल्यासारखी आत गेली. आकडे असे: पूर्ण श्वास सोडला तेव्हा एकूण २.७ लिटर हवा बाहेर आली, त्यातली पहिल्या सेकंदात १.६ लिटर. म्हणजे साठ टक्क्यांच्याही आत. माझ्या वयाला ती साधारण पाऊण हिस्सा तरी यायला हवी होती. फुप्फुसं लहान नव्हती, वाट चिंचोळी झाली होती.

मग स्पेसर नावाच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून पंपाचे चार फवारे दिले आणि पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. त्या वेळात मी मोबाइलवर या छळाचा जनक शोधून काढला. जॉन हचिन्सन नावाचा इंग्रज डॉक्टर. पाण्यात उलटं तरंगणारं भांडं आणि त्याला जोडलेली नळी, असं त्याचं यंत्र होतं. त्याने दोन हजारांहून जास्त माणसांना त्यात फुंकायला लावलं. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आग विझवणारे होते, कुस्तीगीर होते. १८४६ साली त्याने ते सगळं छापलं. छातीत मावणारी हवा उंचीबरोबर वाढते आणि वयाबरोबर घटते, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. त्या मुलीने आल्याआल्या माझी उंची का मोजली, ते तेव्हा कळलं. पण किती हवा बाहेर येते, इतकंच त्याचं यंत्र सांगायचं. पहिल्या सेकंदात किती येते हे बघण्याची युक्ती फ्रान्सच्या टिफनो यांची, ती आली १९४७ साली. मधली शंभर वर्षं लोक घड्याळाशिवायच फुंकत होते की काय, कोण जाणे.

दुसऱ्या फेरीत पहिल्या सेकंदाचा आकडा १.६ वरून १.९५ वर गेला. बारा टक्के आणि दोनशे मिलिलिटर, दोन्हींहून जास्त सुधारणा झाली तर ती खरी धरायची, असा बरीच वर्षं चालत आलेला निकष आहे. माझी त्याच्या बरीच पुढे गेली. वाट आवळली होती आणि औषधाने मोकळी झाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दमा.

घरी आल्यावर लेकीचं बारावीचं जीवशास्त्र उघडलं. पहिलाच धक्का: फुप्फुसांना स्वतःचं, श्वास ओढणारं स्नायूबळच नाही. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल आकसून खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली पोकळी वाढते, आतला दाब किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत शिरते. आपण हवा ‘ओढतो’ असं म्हणतो, पण खरं तर जागा करून देतो. सोडायला तर एरवी काहीच करावं लागत नाही. ताणलेली फुप्फुसं आपोआप पूर्ववत होतात. शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास असतो सुमारे अर्ध्या लिटरचा. त्यातली दीडशे मिलिलिटर हवा नळ्यांमध्येच राहते आणि काही काम न करता परत येते. आणि त्या मुलीने कितीही ओरडलं असतं, तरी शेवटची लिटरभर हवा मला बाहेर काढताच आली नसती. फुप्फुसं पूर्ण मिटू नयेत म्हणून ती आत राहतेच.

श्वासनळीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना फाटे, असं जवळजवळ तेवीस वेळा होतं, तेव्हा कुठे वायुकोशांपर्यंत पोचतो आपण. हे वायुकोश कोट्यवधी असतात. तिथे अतिशय पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माझं बिघडलं होतं ते त्याच्या अलीकडे, बारीक नळ्यांमध्ये. दम्यात या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि त्यात कफाची भर पडते. श्वास घेताना फुगणारं फुप्फुस या नळ्यांनाही चारी बाजूंनी ताणून धरतं, त्यामुळे हवा कशीबशी आत जाते. सोडताना तो ताण सुटतो आणि नळ्या आणखी मिटतात. हवा आतच अडकते. पुढचा श्वास त्या शिल्लक हवेच्या वर घ्यायचा, त्याच्या पुढचा त्याही वर. म्हणजे ‘हवा पुरत नाही’ असं वाटत होतं, तेव्हा माझी छाती हवेने गच्च भरलेली होती! हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

ऑक्सिमीटरचंही कोडं तेव्हाच सुटलं. ते रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. तो टिकवायला छाती किती राबतेय, ते त्याला दिसत नाही. दम्यात तो आकडा बहुधा उशिरा घसरतो, आणि घसरतो तेव्हा दवाखान्याकडे धावायचीच वेळ आलेली असते. म्हणून ९७ बघून निर्धास्त झोपणं बरं नाही. हे यांना वाचून दाखवलं. पहाटेचंही कारण आहे. शरीराच्या घड्याळानुसार त्या सुमाराला नळ्या सगळ्यांच्याच जरा आवळतात. इतरांना ते जाणवत नाही, दमेकऱ्याला जागं करतं.

आता पंप. तो हातात पडल्यापासून घरात दोन तट पडले. “एकदा लागला की सुटत नाही,” हे नणंदेचं मत. “फार स्ट्राँग असतो, गोळीच बरी,” हे शेजारच्या वहिनींचं. यातलं दुसरं मी हिशेबाने खोडून काढलं. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, त्याच औषधाच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम. म्हणजे गोळीत वीस ते चाळीस पट. गोळी पोटातून, रक्तातून अंगभर हिंडून छातीत पोचते आणि वाटेत हात थरथरवते. फवारा थेट जिथे हवा तिथे जातो. मात्र दम लागल्यावर आराम देणारा हा पंप आणि सूज हळूहळू उतरवणारा स्टेरॉइडचा पंप, हे दोन वेगळे. बरं वाटायला लागलं की लोक दुसरा बंद करतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहाटे तीनला उठून बसतात. सवय औषधाची लागत नाही, दमा मुक्कामाला असतो.

पंप घ्यायची पद्धत मला तिघांनी तीन प्रकारे शिकवली. शेवटी त्या पीएफटीवाल्या मुलीनेच नीट दाखवलं. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, एक फवारा स्पेसरमध्ये, सावकाश खोल श्वास घ्यायचा, मग दहापर्यंत मोजत रोखायचा. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. झपकन ओढलं, तर औषध घशावर आपटून तिथेच राहतं.

घराकडेही नव्या नजरेने बघावं लागलं. श्वासमार्गाच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते अडकलेली धूळ, जंतू, सगळं चिकट थरासकट हळूहळू घशाकडे ढकलत नेतात, आणि ते आपण नकळत गिळून टाकतो. धूर या केसांना लुळं करतो, मग तो विडी-सिगारेटचा असो की आणखी कशाचा. आम्ही रात्री खिडक्या लावून मच्छर अगरबत्ती जाळायचो. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. मी कॉइल बंद केली, मच्छरदाणी आणली. उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवायला लागले. मिरचीच्या फोडणीला तेवढी सूट दिली. पंखा लावते, पण फोडणी सोडवत नाही.

खरी गंमत सासूबाईंची. त्यांना चालताना धाप लागते, जिना चढताना दोनदा थांबतात. “वय झालं,” एवढंच आम्ही समजत होतो. राजापूरकडच्या घरात उभा जन्म चुलीपुढे गेला, सिगारेट कधी हातातही धरली नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांनाही फुंकू दे. “आजी, जोरात, अजून, अजून!” चालू झालं. तोंडातली नळी काढून त्या म्हणाल्या, “अगो, ओली लाकडं पेटवायला पण एवढं फुंकावं लागत नव्हतं.”

त्यांची रेघ माझ्याहून जास्त पोखरलेली होती, आणि पंपानंतर जेमतेम हलली. त्यांना दमा नव्हे, सीओपीडी. वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या आणि वायुकोशांची लवचिकता गेलेली. झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही, पण पुढची घसरण आणि धाप कमी करता येते. त्यांना वेगळा पंप दिला, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितलं. रोज चालायचंही सांगितलं, धाप लागते म्हणून बसून राहायचं नाही. शिवाय श्वास सोडायची एक रीत शिकवली: नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि हळूहळू, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. ओठांशी अडथळा आला की आतल्या नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

सासूबाईंनी हे एकदा करून पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “हे काय, फुंकणीच की! नुसती फुंकणी तेवढी नाही. यात शिकवण्यासारखं काय आहे?”

डॉक्टर हसले आणि त्यांनी मला ते करून दाखवायला सांगितलं. मला नीट जमलं नाही. सासूबाईंनी माझे ओठ बोटांनी धरून सरळ केले.