टेक्ससच्या काळ्या मातीत

माळव्याचा मनुष्य परमुलखात गेला, तरी तेथल्या मातीकडे पाहिल्यावाचून त्याला राहवत नाही. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागल्यावर आम्ही थोरल्या बंधूंच्या चिरंजीवाकडे अमेरिकेतील टेक्सस राज्यात गेलो, तेव्हा आमचे असेच झाले. आमचा हा पुतण्या ऑस्टिन शहरात नोकरी करतो. परंतु शहराच्या ईशान्येस, टेलर गावानजीक, ब्रशी क्रीक नावाच्या ओढ्याकाठी बारा एकर जमीन घेऊन त्याने घर बांधले आहे. पहिल्याच सकाळी पायऱ्या उतरून आम्ही अंगणापलीकडे पाऊल टाकले आणि आपण सांवेर-देपालपूरकडच्या एखाद्या शेतात तर उभे नाही ना, असे क्षणभर वाटून गेले. तीच काळीभोर, चिकण माती, आणि पावलाबरोबर चपलेला चिकटून येणारे तेच तिचे प्रेम!

हा निव्वळ भास नव्हता. उत्तरेस रेड नदीपासून डॅलस, वेको, ऑस्टिन यांच्या बाजूने सॅन अँटोनिओपर्यंत सुमारे ३०० मैल लांबीचा काळ्या मातीचा पट्टा गेला आहे. त्याला ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ म्हणतात. त्यातल्या प्रमुख मातीचे नाव ‘ह्यूस्टन ब्लॅक’. मृदाशास्त्रज्ञ तिला आणि आपल्या माळवा-वऱ्हाडातल्या काळीला एकाच ‘व्हर्टिसॉल’ वर्गात घालतात. जन्म मात्र दोघींचे निराळे. आपली काळी दख्खनच्या लाव्हारसाच्या खडकातून झाली. तिकडची प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीयुक्त थरांतून. पण स्वभाव एकच. पाणी पिऊन फुगावयाचे, आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडावयाच्या. वरची माती त्या भेगांत पडते आणि पावसाळ्यात फुगून पुन्हा उसळते. म्हणून ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून तिचे नाव पडले. ‘काळी आपली आपण नांगरते’ असे आपले शेतकरी म्हणतात, ते हेच. कापूस दोन्हीकडे पिकतो. टेलर गाव तर कापसाच्या व्यापारावरच वाढले.

आणि चिखल! मे हा तिकडे पावसाचा महिना. आम्ही पोहोचून चार दिवस झाले नाहीत तोच रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी ओढ्याकडचे कुंपण पाहून यावे म्हणून पुतण्याने आपली ‘एटीव्ही’ बाहेर काढली. चार फुगीर चाकांची, मोटारसायकलप्रमाणे टांग टाकून बसावयाची आणि हँडलाने वळवावयाची ही गाडी तिकडे शेतकऱ्याच्या घरी नित्याची आहे. तिची पूर्वज म्हणजे होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत आणलेली, मऊ फुग्यांसारख्या टायरांची तीन चाकी गाडी. पुढे १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची गाडी काढली. पुतण्याच्या गाडीची चारही चाके इंजिनाने फिरत. तरीही दोनशे पावलांवर ती थांबली. टायरांच्या खाचा चिखलाने भरून गुळगुळीत झाल्या, चाके जागीच फिरत खोल गेली आणि अखेर गाडीचे पोटच चिखलावर टेकले. मग आम्ही काका-पुतण्यांनी फळ्या घालून, ढकलून, नखशिखांत काळे होऊन ती बाहेर काढली. आमच्या तेरा वर्षांच्या नातवाला या प्रकाराचा जो आनंद झाला, त्याचे वर्णन करणे कठीण!

“काका, आता हिला उंचच करतो,” असे म्हणून पुतण्याने त्याच रात्री सामान मागविले. चार-पाच दिवसांत चिखलाचे खास टायर आणि गाडी उचलावयाचा संच घरी आला. पुढच्या शनिवारी गॅरेजात आम्ही पाने देण्याच्या हुद्द्यावर रुजू झालो.

जुने टायर २५ इंच व्यासाचे होते. नवे २७ इंचांचे. व्यास दोन इंचांनी वाढला तरी गाडी एकच इंच उचलली जाते, कारण आसाच्या खाली चाकाचा अर्धाच भाग असतो. उरलेली दोन इंच उंची देणारा संच म्हणजे दिसावयास साध्या लोखंडी पट्ट्या. गाडी घोड्यांवर चढवून, चाके काढून, धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या टोकाशी त्या बसवितात. स्प्रिंग तीच राहते, पण तिचे ठिकाण बदलल्याने गाडीचा सांगाडा वर जातो. नव्या टायरांची नक्षी मोठी पाहण्यासारखी होती. जाड, उंच आणि विरळ कंगोरे. दोन कंगोऱ्यांमध्ये एवढे अंतर, की चाक वेगाने फिरताच अडकलेला चिखल भिरकावला जावा. नक्षीला दिशा असते; डावे चाक उजवीकडे लावून चालत नाही.

काम करता करता पुतण्या एकेक किंमतही सांगत गेला. चाक मोठे झाले की त्याचा घेर वाढतो. येथे तो आठ टक्क्यांनी वाढला. म्हणजे काटा २५ मैल दाखवील तेव्हा गाडी खरी २७ मैलांनी धावत असेल, आणि ओढण्याची ताकद त्याच प्रमाणात उणी होईल. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारा रबरी पट्टा घसरून तापतो आणि जळका वास येतो. म्हणून चिखलात गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावयाची. सांगाडा वर गेल्याने चाकांकडे जाणारे दांडे अधिक तिरपे होतात. त्यांच्या सांध्यांवरची रबरी टोपणे ताणली जातात, आणि एखादे फाटून आत चिखल शिरला की सांधा गेलाच. पुढच्या चाकांचा रोखही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. हे सर्व ऐकताना आम्हांस आपल्या बैलगाडीचे पुरुषभर उंचीला भिडणारे चाक आठवले. तुंबा, आरे आणि वर चढविलेली अरुंद लोखंडी धाव. तळ कठीण असेल तेथे अरुंद चाक चिखल कापून तळाला टेकते. पण जेथे तळच लागत नाही, तेथे ते रुततच जाते. रुंद, मऊ टायर तेथे चिखलावर तरंगू पाहतो.

दुपारी गाडी निघाली. सकाळी सर आली होती, तरी ज्या जागी आठवड्यापूर्वी आम्ही काळे झालो होतो, तेथून ती सहज पार गेली. चाकांनी उडविलेला चिखल माणसाच्या उंचीपर्यंत उसळत होता. नातू टाळ्या पिटत धावला आणि मागे बसवून नेण्याचा हट्ट धरू लागला. “पुढच्या फेरीला,” बाप म्हणाला, आणि गाडी ओढ्याच्या उतारावरून आडवी नेऊ लागला.

हा उतार त्याने पूर्वी अनेकदा ओलांडला होता. या वेळी मात्र मध्यावर येताच वरच्या अंगाची दोन्ही चाके जमीन सोडून उचलली गेली. पुतण्याने सारे अंग वरच्या बाजूस झोकले. गाडी क्षणभर तशीच तोलून राहिली आणि मग धप्पकन चार चाकांवर बसली. तो सावकाश खाली उतरला. कोणी काही बोलले नाही. आमचा हात नातवाच्या खांद्यावर होता. तो आम्ही बराच वेळ काढला नाही.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही कागद घेतला. दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर समजा ३६ इंच. त्याचे अर्धे १८. स्वारासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून समजा २४ इंचांवर. हे प्रमाण तीनास चार, म्हणजे उतार ३७ अंशांचा होईपर्यंत उभी गाडी कलंडणार नाही. आता मध्य तीन इंच वर नेला, तर प्रमाण दोनास तीन होते आणि मर्यादा ३४ अंशांखाली येते. चालत्या गाडीला, ओल्या मातीवर, खळग्यांतून, ती याहूनही खाली येणार. मागे आणखी कोणी बसले, तर विचारच नको. तिकडच्या सरकारला हे ठाऊक आहे. अपघात वाढल्यावर ग्राहक सुरक्षा आयोगाने १९८८ मध्ये उत्पादकांशी न्यायालयातून तडजोड करून तीन चाकी गाड्यांची नवी विक्री थांबविली आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असे ठरवून घेतले. गाडीवरच्या पट्टीवर तसे छापलेलेही होते. मागे कोणास बसवू नये, हेही. रोज डोळ्यांसमोर असलेली ती अक्षरे पुतण्याने त्या रात्री प्रथमच मोठ्याने वाचली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे वृद्ध शेतकरी आले. त्यांचे पूर्वज चेक. चार पिढ्या याच मातीत. त्यांनी नव्या टायरांकडे कौतुकाने पाहिले, मग चाकोऱ्यांकडे बोट दाखविले. ओल्या काळीत पाडलेल्या या चाकोऱ्या उन्हात दगडासारख्या होतील आणि पुढच्या पावसात तेथेच पाणी साचेल, असे ते म्हणाले. “मग चिखलात तुम्ही काय करता?” आम्ही विचारले. ते हसून उत्तरले, “थांबतो!” मग त्यांनी बांधावरची मूठभर माती उचलली, तिचा लाडू वळला आणि वरून खाली टाकला. तो न फुटता पचकन बसला. लाडू पडून भुगा होईल त्या दिवशी शेतात जावयाचे.

आम्ही चकित झालो. वाफसा पाहण्याची ही रीत लहानपणी माळव्यात आम्ही शेकडो वेळा पाहिली होती. त्या थांबण्यात आळस नव्हता. मातीशी केलेला तो जुना करार होता.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा पाने देण्यास बसलो. उंचीच्या पट्ट्या निघाल्या; मोठे टायर राहिले, कारण त्यांची पकड खरोखर उपयोगाची होती. उताराला आडवे जावयाचे नाही, पाठीमागे कोणास बसवावयाचे नाही, आणि नातवाने सोळा वर्षांचा होईपर्यंत किल्लीला हात लावावयाचा नाही, असे ठरले. शेवटच्या अटीवर थोडे रुसणे झाले, ते साहजिकच.

आम्ही निघण्याच्या आधल्या आठवड्यात पुन्हा पाऊस झाला. गाडी दोन दिवस गॅरेजातच राहिली. तिसऱ्या सकाळी आम्ही चहा घेत असता नातू अंगणातून मातीचा लाडू घेऊन धावत आला, आमच्या पायांशी टाकला आणि वाकून पाहत विचारू लागला, “आजोबा, हा वाफसा झाला का?”