काचेच्या पोटातलं धुकं

भिवंडीचा आहे असं सांगितलं की हॉस्टेलमधले मित्र दोन प्रश्न हमखास विचारतात : ट्रॅफिक सुधारलं का, आणि तुमच्याकडची माणसं एवढ्या मोठ्याने का बोलतात? पहिल्याचं उत्तर अंजूर फाट्यावर एकदा उभं राहून ज्याचं त्याने मिळवावं. दुसऱ्याचं माझ्याकडे आहे.

पप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत. आधी जॉबर होते, आता सुपरवायझर. साध्या मागात लाकडी धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा इकडून तिकडे आपटतो. असे चाळीस माग एका पत्र्याखाली! कारखान्यांसाठीचे नियम आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा सांगतात. आमच्या शेडने ती कधी पाळल्याचं आठवत नाही. तिथे सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. इंग्लंडात लँकशायरच्या गिरणी कामगारांनी असल्या बोलण्याला ‘मी-मॉ’ असं नावही ठेवलं होतं. आपल्याकडे नाव कोणी ठेवलं नाही, नुसते बोलत राहिले.

एके काळी पाठ फिरवून उभे असले तरी कुठला माग थांबला ते पप्पांना कळायचं. आता कळत नाही. गोंगाटाने कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. बोलणं ऐकू येतं, पण त्यातले स, श, फ गळतात. आईने ‘सात’ सांगितलं की पप्पा आठला येतात. आणि कानाच्या आतल्या ज्या केसपेशी मेल्या त्या पुन्हा उगवत नाहीत.

काही वर्षांपूर्वी शेठने जुने माग काढून रॅपिअर घेतले आणि कोपऱ्यात एसी केबिन बांधली. तिला शेडकडे उघडणारी नव्हे, नुसती बघायची खिडकी : चार बाय तीन फूट, डबल काचेची. रॅपिअर थांबला की त्याच्यावरचा दिवा लागतो. पप्पा आत बसून दिव्यांवर नजर ठेवायचे, दिवा लागला की उठायचे. कानाचं काम डोळ्यांनी उचललं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्या काचेत धुकं धरलं. आतून पुसा, बाहेरून पुसा, काही होईना, कारण पाणी दोन काचांच्या मध्ये! पप्पांनी सरळ खुर्ची उचलली आणि केबिनच्या बाहेर, आवाजात नेऊन ठेवली. सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे पाहिलं. काचेचा ठेकेदार म्हणाला, अख्खी चौकट बदलावी लागेल, गणपतीनंतर बघू. गणपतीला दोन महिने होते.

आता थोडं इंजिनिअरिंग, कंटाळू नका. दोन काचांच्या मध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे मणी भरलेले असतात. बाहेरून ब्यूटाइल आणि त्यावर सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचं सील. सील कुठे सुटलं की दमट हवा आत शिरते. मणी पितील तेवढं पितात, मग थकतात. पावसाळ्यात शेडमध्ये ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरा, तर दवबिंदू येतो साधारण २७. केबिनकडची काच एसीमुळे त्याहून थंड. म्हणजे धुकं धरणारच! थर्मोचा हा एकच प्रश्न मला परीक्षेबाहेर भेटला.

भोक पाडून आतली हवा सुकवायची अशी एक युक्ती सांगतात. मला ती पटत नाही. थकलेले मणी तसेच राहतात आणि वर आणखी एक भोक. शिवाय टफन्ड काचेला भोक पाडायला गेलं तर हातात चुरा येतो. चौकट मात्र धडधाकट होती. फक्त काचेची जोडी बदलायची.

माप तीन-तीन ठिकाणी घेतलं, वर कर्णही मोजले. चौकटी काटकोनात असतातच असं नाही. प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर मोकळे सोडले. जुनी जोडी ५-१२-५ होती. मी ६-१२-४ सांगितली. एकूण जाडी तीच २२, त्यामुळे बीडिंग तेच बसतं. पण दोन काचांची जाडी वेगळी असली की दोघी एकाच वारंवारतेला आवाज आत सोडत नाहीत. ठाण्याच्या काचवाल्याने “असं का?” म्हणून विचारलं आणि मी त्याला पाच मिनिटं लेक्चर दिलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

शुक्रवारी कारखाना बंद. बोथट पटाशीने बीडिंग काढलं, आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या. सक्शन कप लावून पप्पांनी आणि मी जुनी जोडी उतरवली. वजन अठ्ठावीस किलोच्या घरात, तेव्हा हे एकट्याने करू नका, आणि हातमोजे घाला. चौकटीच्या खाचेत कापसाची धूळ नुसती दाबून बसलेली होती, पाणी निघून जायची भोकं तिने बुजवली होती. म्हणजे जोडीची खालची कड सतत ओलीच असणार. सील सुटायला तेवढं कारण पुरे. भोकं तारेने मोकळी केली. खाली रबराचे दोन ठोकळे ठेवले, म्हणजे काच पाण्यात बसत नाही आणि धातूलाही टेकत नाही. मग नवी जोडी, बीडिंग, रबर. ते रबर कोपऱ्यात नीट बसवायला खिडकीइतकाच वेळ गेला.

“पक्कड दे,” पप्पा म्हणाले. मी काहीतरी बोललो, त्यांना ऐकू गेलं नाही. पत्र्याखाली एकही माग चालू नव्हता.

शनिवारी पाळी सुरू झाली. खुर्ची केबिनमध्ये परत आली. दुपारी डबा घेऊन गेलो तर सात नंबरचा दिवा लागला होता आणि पप्पा माझ्या आधी उठले होते. कानाच्या तपासणीला मात्र अजून तयार नाहीत. शिफ्ट आहे, उधारी आहे, पाऊस आहे. दिवाळीच्या सुट्टीचा एक दिवस मी त्यासाठी मोकळा ठेवलाय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.