गोळी बंद करायची की नाही

मी एसटीत वाहक आहे. डाव्या बरगडीखाली सारखं जड वाटायचं, दोन घासांत पोट भरायचं, आणि चालत्या गाडीत तिकिटं काढताना धाप लागायची. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर गेलेल्या. निरोगी माणसात त्या चार ते अकरा हजार असतात. पुढच्या तपासण्यांत आजाराचं नाव कळलं : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, दवाखान्याच्या भाषेत सीएमएल.

सासूबाई म्हणाल्या, "आता डॉक्टर सांगतील ती पूर्व दिशा." मलाही तेच वाटत होतं. त्यामुळे डॉक्टर मॅडमनी औषधाचं नाव काढायच्या आधी माझ्या ड्युटीची चौकशी सुरू केली तेव्हा मी गोंधळले. पहाटे किती वाजता निघता? जेवता कधी? मुक्कामी गाडी असते का? घरात कुणाला साखर आहे?

मग त्यांनी कागद पुढे ओढून समजावलं. या आजारात नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात, त्यातून बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं जनुक तयार होतं, आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत राहतात. ते जनुक जे प्रथिन तयार करतं त्याला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली आली. तिच्यानंतर निलोटिनिब आणि डासॅटिनिब या अधिक जोरकस गोळ्या आल्या. माझा आजार सुरुवातीच्या टप्प्यातला आणि कमी जोखमीचा होता, म्हणून तिन्हींपैकी कुठलीही चालली असती. निलोटिनिबने रक्तातला बीसीआर-एबीएलचा आकडा लवकर उतरतो. पण ती दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी घ्यायची, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. ज्या बाईला घाटातली गाडी थांबेल तेव्हा जेवायला मिळतं, तिने हे कसं पाळावं? शिवाय माझ्या आईवडिलांना दोघांनाही मधुमेह, आणि ही गोळी साखर वाढवू शकते. डासॅटिनिबला जेवणाचं बंधन नाही, पण काहींच्या छातीत पाणी होतं. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी पिऊन घ्यायची. आम्ही ती ठरवली. 'आम्ही' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे. औषधांची माहिती मॅडमची होती, दिवसाची माहिती माझी होती, आणि दोन्हींशिवाय तो निर्णय अर्धाच राहिला असता.

खर्चाचंही बोलणं झालं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटसाठीचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात टिकल्या. तो निकाल वेगळा लागला असता तर माझ्या पगारात निवड करण्यासारखं फारसं काही उरलंच नसतं.

सगळ्यांना असा वेळ मिळत नाही, हेही मी पाहिलं. ओपीडीत भेटलेल्या एका बाईंच्या मुलाला प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया होता. त्यात रक्तस्रावाचा धोका इतका मोठा असतो की पक्का अहवाल येण्याआधी, नुसत्या संशयावर, औषध सुरू करतात. तिथे चर्चा नंतर, उपचार आधी. ते बरोबरच आहे.

माझ्या गोळीने काम केलं. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची तपासणी व्हायची, आणि काही वर्षांनी आकडा ०.०१ टक्क्याच्या खाली जाऊन तिथेच राहिला. डोळ्यांभोवतीची सूज मात्र कायम होती, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. नवरा उठून पाय चोळायचा, आणि चारला मी पुन्हा डेपोत. एका भेटीत मॅडमनी विचारलं, "ताई, गोळी थांबवून बघायचा विचार कधी केलाय का?"

त्यांनी आकडे लपवले नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात शंभर रुग्णांनी इमॅटिनिब थांबवली होती. वर्षभरानंतर आजार न परतण्याचं प्रमाण साधारण चाळीस टक्के होतं. पुढच्या अभ्यासांत ते निम्म्याच्या आसपास आलं. परततो तो बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा आकडा परत उतरतो. काहींचे सांधे, स्नायू गोळी सोडल्यावर काही महिने दुखतात. "मी घाई करणार नाही. घरी बोला," त्या म्हणाल्या.

घरी एकमत नव्हतंच. नवऱ्याचं म्हणणं, सुरळीत चाललंय त्याला हात कशाला लावायचा? त्याची भीती खोटी नव्हती. मी पुढच्या भेटीला त्यालाही नेलं आणि वहीत लिहिलेले प्रश्न वाचून दाखवले. पहिले सहा महिने दर महिन्याला तपासणी, तर रक्त कुठे द्यायचं? आमच्या तालुक्यातून नमुना वेळेत पोचेल का? पैसे किती? आकडा वाढला तर मला फोन कोण करणार? मॅडमनी प्रत्येकाचं उत्तर मिळवून दिलं आणि फाइलवर लिहिलं : ०.१ टक्का ओलांडला की गोळी लगेच सुरू. ती ओळ वाचून नवरा म्हणाला, "मग करून बघू." हा होकार मॅडमनी एकट्या माझ्याकडून घेतला असता तर घरात रोज धुसफूस झाली असती.

गोळी बंद झाली. पायांतले गोळे थांबले, चेहऱ्याची सूज ओसरली, आणि मी रात्रभर झोपू लागले. पावसाळ्याच्या तोंडावर आकडा ०.१ च्या वर गेला. दवाखान्यातून फोन आला, त्याच दिवशी गोळी सुरू केली, आणि पुढच्या काही तपासण्यांत आकडा पुन्हा खाली आला. नातेवाईक म्हणाले, डॉक्टरांनी उगाच प्रयोग केला. मला ते मान्य नाही. जे घडलं ते आधीच सांगितलेलं होतं, आणि त्यासाठी काय करायचं हे लिहून ठेवलेलं होतं. तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

तुमच्या घरी हा आजार आला असेल तर प्रश्न वहीत लिहून न्या, आणि घरातलं जे माणूस घाबरलंय त्याला सोबत न्या. गोळ्या चुकल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा. डॉक्टर त्या माहितीवरच पुढचं ठरवतात. आणि कितीही बरं वाटलं तरी, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.