खर्ज कुठून आला?

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना आंतरकर्णाचा तास माझ्या विशेष आवडीचा. त्यातली शंखाकृती कॉक्लिया उलगडून फळ्यावर सरळ काढायचो. अडीच वेढ्यांची नळी, लांबी जेमतेम 35 मिलिमीटर, आत लांबीभर बेसिलर पडदा. नळी टोकाकडे निमुळती होते, पडदा मात्र रुंद आणि सैल होत जातो (हे उलटं प्रकरण मुलांना दोनदा सांगावं लागे). म्हणून 20,000 हर्ट्झचा बारीक आवाज दाराशीच्या ताठ भागात आणि 20 हर्ट्झची घरघर पार टोकाला. शिवाय बहुतेक लांबीत प्रत्येक सप्तकाला जागा साधारण सारखीच, चार-पाच मिलिमीटर. पेटीच्या पट्ट्याही तशाच! ‘कानात पेटी आहे, जी पट्टी दाबली जाईल तो सूर ऐकू येतो,’ असं म्हणून मी तास संपवायचो. मला ते मनापासून पटलेलं होतं.

आता पटत नाही. कुठल्या सुराची जागा पडद्यावर कुठे, हा नकाशा खरा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सूर म्हणजे त्या नकाशावरची जागा, हे मत मी सोडलं आहे.

निमित्त झालं रियाजाला मोबाइलवर लावलेल्या तानपुऱ्याचं. काळी एकचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 70 च्या आसपास. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून 70 हर्ट्झ बाहेरच पडत नाही म्हटलं तरी चालेल. बाहेर येतात ते वरचे स्वयंभू स्वर : 350, 420, 490, असे सत्तर-सत्तरच्या अंतरावरचे. तरीही खर्ज ऐकू येतो. पट्टी कुणी दाबलीच नाही, मग सूर वाजला कसा?

यावरचं जुनं उत्तर मला पाठ होतं. कानच आवाजात थोडी मोडतोड करतो, त्यातून खालचा सूर आतल्या आत तयार होतो, म्हणजे पट्टी हलतेच. या उत्तरावर मी बरीच वर्षं टेकून होतो. मग लिकलायडर यांचा 1954 चा प्रयोग वाचनात आला. त्यांनी खालच्या सुरांचा सगळा प्रदेश गोंगाटाने बुजवून टाकला, तरी नसलेला सूर ऐकू येतच राहिला.

म्हणजे पट्टी न हलताही सूर येतो. मग तो येतो कशातून? श्रवणाचे चेतातंतू लहरीच्या ठेक्यात स्पंद पाठवतात, साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत. मेंदू जागा बघतो आणि ठेकाही मोजतो. पियानोची शेवटची पट्टी 4186 हर्ट्झला संपते. त्याच्या बरंच वर गेलं की आवाज ऐकू येतो, पण चाल ओळखणं अवघड होतं. नुसत्या जागेवर भागलं असतं तर असं का व्हावं? कुणाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं भांडण अजून चालू आहे. माझा कौल, निदान षड्जाच्या मुलखात, ठेक्याला.

ज्या नकाशावर मी एवढा विसंबलो, तोही बराचसा मृतांच्या कानांवरून काढलेला. बुडापेस्टला टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बेकेशी यांनी पडद्यावरून धावणारी लाट प्रत्यक्ष पाहिली. 1961 चं नोबेल त्यासाठीच. पण ती लाट फार पसरट होती. जवळजवळचे सूर वेगळे काढणं तिला जमलं नसतं. जिवंत कानात पडद्यावर बसलेल्या केसपेशींपैकी बाहेरच्या रांगांतल्या पेशी आवाजाबरोबर आखडतात, लांबतात आणि लाटेला टोक आणतात. कान स्वतः जोर लावत असणार, हे थॉमस गोल्ड यांनी 1948 मध्येच सुचवलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पण 1978 मध्ये डेव्हिड केम्प यांनी कानातून बाहेर येणारा आवाज मायक्रोफोनने टिपला. नवजात बाळांची श्रवणचाचणी आज त्याच आवाजावरून करतात.

नुसत्या नकाशावर कितपत भागतं, ते ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटमध्ये दिसतं. हे यंत्र मुख्यतः नकाशावरच चालतं. बारा ते बावीस इलेक्ट्रोड नळीत ओळीने बसवतात, दाराशी तार आवाजांचे, आत खर्जाचे. ठेक्याचे बारकावे त्यातून फारसे पोचत नाहीत. ते बसवलेली कितीतरी माणसं फोनवर सहज बोलतात. पण शब्द काढून नुसती वाजवलेली ओळखीची चाल त्यांतल्या अनेकांना ओळखता येत नाही.