काळोखातील ओळख

टेक्सस संस्थानाच्या मध्यभागी, ऑस्टिन शहराच्या पश्चिमेस, चुनखडीच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण मुलूख पसरलेला आहे. त्यास तेथील लोक ‘हिल कंट्री’ असे म्हणतात. ठेंगण्या ओकवृक्षांची झाडी, गुरांची कुरणे, मैलोगणती तारेची कुंपणे आणि पेडर्नालेस, लानो यांसारख्या खडकाळ पात्राच्या नद्या, असे याचे स्वरूप आहे. १८४६ साली जर्मन वसाहतकारांनी वसविलेले फ्रेडरिक्सबर्ग हे गाव येथेच असून त्याच्या उत्तरेस गुलाबी ग्रॅनाइटचा एक प्रचंड घुमट उभा आहे. दिवसभर तापलेला हा खडक रात्री निवू लागला म्हणजे त्यातून आवाज निघतात, असे सांगतात. ऑस्टिन येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याकडे मुक्काम असता त्याच्या एका स्नेह्याच्या कुरणावर दोन रात्री राहण्याचा योग आम्हास आला.

या रम्य मुलखास एक मोठी पीडा आहे, ती डुकरांची. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे काही शतकांपूर्वी रानात शिरून रानटी झाली. पुढे १९३० च्या सुमारास हौशी जमीनदारांनी शिकारीकरिता युरोपातून रानडुकरे आणविली. दोहोंचा संकर होऊन आज त्यांची संख्या लक्षावधींवर गेली आहे. एका रात्रीत कळप शेत नांगरल्यासारखे उकरून टाकतो. म्हणून तेथे जमीनमालकाच्या संमतीने रात्रीही डुकरे मारण्यास मुभा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर त्यास शिकारीचा परवानाही लागत नाही. हरणांची गोष्ट मात्र निराळी. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत हरणावर गोळी झाडणे हा गुन्हा होय. आणि डुक्कर व हरीण चरावयास येतात ती एकाच कुरणात!

आम्हास शिकारीची गोडी नाही, व आपल्या देशात तर १९७२ च्या कायद्याने वन्य पशूंची शिकार वर्ज्यच आहे. परंतु यजमानांच्या हातातील थर्मल स्कॅनर पाहून आमच्यातील जुना मास्तर जागा झाला. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेनुसार अदृश्य किरण बाहेर टाकीत असतो. अशा किरणांचा शोध विल्यम हर्शेल याने १८०० साली लावला. ते टिपून हे यंत्र उष्णतेचे चित्र काढते. त्यास चांदणे लागत नाही की दिवा लागत नाही. याचे भिंग काचेचे नसून जर्मेनियमचे असते, कारण साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. मोटारीची काच खाली केल्यावाचून यातून बाहेरचे काही दिसत नाही, ते याचमुळे.

पहिल्या रात्री आम्ही यंत्र डोळ्यास लावले तेव्हा समोरचा उतार पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला दिसला. यजमान म्हणाले, “काका, ते बहुतेक दगड आहेत. उन्हाने तापलेत. पहाटे पाहा, मग जनावर तेवढे उठून दिसेल.” मध्यरात्रीनंतर ओढ्याकाठी तीन आकृती हलताना दिसल्या. अंतर तीनशे मीटर असावे. गवतात पाय बुडालेले, पाठी तेवढ्या वर. यजमानांनी बंदुकीस हात लावला नाही. पाऊण तासाने त्या आकृती निम्म्या अंतरावर आल्या, माना उंचावल्या, आणि ती हरणे आहेत हे स्पष्ट झाले.

दुसरे दिवशी आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. यजमानांच्या यंत्राचे भिंग ३५ मिलिमीटरचे व पडद्यामागील प्रत्येक कण १२ मायक्रॉनचा. यावरून शंभर मीटरवर एक ठिपका सुमारे ३.४ सेंटिमीटर जागा व्यापतो. जॉन जॉन्सन या अमेरिकन संशोधकाने १९५८ साली मांडलेल्या कसोटीप्रमाणे, काहीतरी आहे एवढे कळावयास दोन ठिपके पुरतात, जात कळावयास आठ लागतात, आणि खात्रीने ओळखावयास सुमारे तेरा. पाऊण मीटर उंचीचे डुक्कर धरले तर चाहूल लागते हजार मीटरच्याही पलीकडून. जात कळते पावणेतीनशेच्या आत. खात्री पटते जेमतेम पावणेदोनशेच्या आत. विक्रेते पेटीवर मोठ्या अक्षरांत बहुधा चाहुलीचाच आकडा छापतात!

कणांची संख्या ३८४ ऐवजी ६४० असेल तर त्याच भिंगातून शंभर मीटरवर तेराऐवजी बावीस मीटर रुंदीचा देखावा एका दृष्टीत मावतो. शोधास हे सोयीचे. चित्र सेकंदास नऊ वेळा बदलत असेल तर पळते जनावर धक्के खात चालल्यासारखे दिसते. पन्नास वेळा बदलणारे चांगले. अंशाच्या चाळिसाव्या भागाइतका उष्णतेचा भेद ओळखणारे यंत्र दमट हवेतही बरे काम देते.

यंत्र बंदुकीवर न बसविता निराळे हातात का ठेवावे, असे आम्ही विचारले. यजमान म्हणाले, “बंदुकीवरच्या दुर्बिणीतून जे पाहावे त्यावर नळी आधीच रोखलेली असते. ते शेजाऱ्याचे वासरू असेल, कुंपण दुरुस्त करणारा माणूसही असेल.”

हे ऐकताच आम्हास शरयूतीर आठवले. काळोखात घडा भरल्याचा शब्द झाला; दशरथास तो पाणी पिणाऱ्या हत्तीचा वाटला, आणि बाण लागला अंध मातापित्यांच्या एकुलत्या आधारास. राजाची शब्दवेधाची विद्या खोटी नव्हती. बाण अचूकच लागला. उणीव राहिली ती ओळखीची. आजचे यंत्र शब्दाऐवजी उष्णता दाखविते, इतकाच फरक. म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांपैकी कोणास असे यंत्र घेणे झालेच, तर ‘किती दूरचे दिसते’ हे दुकानदारास विचारू नये. ‘वासरू कोणते व डुक्कर कोणते हे किती अंतरावर कळते’, एवढेच विचारावे, आणि त्या अंतराबाहेर हात आवरावा.