सांगाड्याचा हिशेब

ओळखीतल्या एका काकांचा बोन स्कॅन पाहायला मिळाला आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला गाठून सांगतोय: हाडांत पसरलेला कर्करोग चक्क टक्क्यांत मोजता येतो!

आधी स्कॅनच बघा. शिरेतून टेक्नेशियम-99एम जोडलेलं औषध देतात, दोन-तीन तास थांबवतात, मग कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत चित्र टिपतो. हाड जिथे जोमानं नवं घडतंय, तिथे औषध जास्त साठतं आणि काळे डाग उमटतात. म्हणजे दिसतो तो कर्करोग नव्हे, त्याला हाडानं दिलेला प्रतिसाद!

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला, की पूर्वी डाग मोजत. 1988 मध्ये सोलोवे आणि सहकाऱ्यांनी तशा पायऱ्याच आखल्या. शेवटची पायरी तर थक्क करणारी, ‘सुपरस्कॅन’! सांगाडाच इतकं औषध ओढून घेतो, की मूत्रपिंडं चित्रात दिसेनाशी होतात.

पण बरगडीवरचा ठिपकाही एक आणि मांडीचं अर्धं हाड व्यापणारा डागही एकच? पाकिटातल्या नोटा मोजायच्या आणि त्या कितीच्या आहेत ते बघायचंच नाही, असा हा प्रकार!

तोड निघाली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रात. 1998 साली इम्ब्रियाको, लार्सन आणि सहकाऱ्यांनी ‘बोन स्कॅन इंडेक्स’ मांडला. त्यांनी 158 हाडं घेतली आणि सांगाड्याच्या एकूण वजनात प्रत्येकाचा वाटा किती, ते ‘रेफरन्स मॅन’ या प्रमाण शरीराच्या आकड्यांवरून ठरवलं. मग कुठल्या हाडाचा किती भाग बाधित आहे ते पाहायचं, त्याला वाट्यानं गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. समजा, एक हाड सांगाड्याच्या 6 टक्के आहे आणि त्याचा निम्मा भाग बाधित आहे, तर बेरजेत 3 टक्के. बस्स, एवढंच गणित! पुढे हे काम संगणकही करू लागला.

जुनं फ्रॅक्चर, संधिवात यांचेही डाग पडतात; उपचारानं हाड भरून येतानाही ते काही काळ गडद दिसतात. म्हणून जाणती नजर हवीच. पण ‘बऱ्याच ठिकाणी पसरलंय’ या मोघम वाक्याऐवजी हाती आकडा येतो, गेल्या वेळच्या आकड्याशेजारी ठेवता येतो आणि डॉक्टरांना नेमकं विचारता येतं: वाढलं की घटलं, आणि कितीनं?