म्हातारा चार्ली

ऑफिस सुटल्यावर वाचनालयात डोकावायची माझी सवय. तिथंच जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाचं प्रवासाचं पुस्तक हाती लागलं. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हातारा कुत्रा चार्लीला शेजारी बसवून तो ट्रकनं अमेरिका पाहायला निघाला. वाटेत चार्लीची लघवी अडली, तेव्हा डॉक्टर शोधून त्यानं त्याला काही दिवस तिथं ठेवलं. मुक्या जनावराची ही माया वाचून बरं वाटलं.

पुढं न्यू ऑर्लिन्स आलं. पार्किंगवाल्यानं ट्रकमध्ये डोकावलं. आत काळा माणूस बसलाय असं त्याला वाटलं होतं. कुत्रा निघाला म्हणून तो हसला. त्याच शहरात गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या सहा वर्षांच्या काळ्या मुलीला, रूबी ब्रिजेसला, गोऱ्या बायका शिव्या घालताना स्टाइनबेकनं पाहिलं.

माझी धाकटी पहिलीत आहे. तिनं विचारलं, "पप्पा, कुत्रा चालतो आणि मुलगी चालत नाही?"

मी तिला महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगितली. तिथंही जनावरांना पाणी मोकळं होतं, आपल्या माणसांना नव्हतं.

रूबीनं मात्र शाळा सोडली नाही. तेवढं मी धाकटीला दोनदा सांगितलं.